ग्रहणानं लेकराचा ओठ फाटत नाही: जन्मतः व्यंग कशानं येतं, किती बाळांत येतं आणि घरच्यांनी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बहिणीची डिलिव्हरी झाली, मुलगी झाली, रडली चांगली, वजनही बरं आहे, पण वरचा ओठ डाव्या बाजूनं फाटलेला आणि आत टाळूलाही फट. दूध ओढता येत नाही, पाजलं की नाकातून येतं. सासरची मंडळी म्हणतात पाचव्या महिन्यात ग्रहण होतं त्या दिवशी हिनं विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं. बहीण रडत बसली आहे, धड जेवत नाही. भावाला विचारायचंय की हे खरंच कशानं होतं, किती लेकरांत होतं आणि पुढच्या वेळी पण होईल का.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं पांढरकवडा, झरी, मारेगाव या भागातलीच लेकरं बघते आहे, त्यामुळं हे घर मला डोळ्यासमोर दिसतंय. सगळं सांगते, पण आधी पाजायचं बघू, कारण कारणाची चर्चा पुढच्या महिन्यातही करता येईल, पोरीचं वजन मात्र याच आठवड्यात घसरतं.

टाळूला फट असली की तोंडाची पोकळी बंद होत नाही, म्हणून ओढ तयार होत नाही. बाळ स्तनाला लागतं, तोंड हलवतं, आपल्याला वाटतं पितंय, आणि पोटात काहीच जात नाही. म्हणून दूध हातानं काढायचं, स्वच्छ उकळलेल्या वाटीत, आणि बोंडल्यानं नाहीतर छोट्या चमच्यानं पाजायचं. बाळाला आडवं ठेवून अजिबात नाही, मांडीवर जवळपास बसतं करायचं, मानेला एका हाताचा आधार द्यायचा आणि बोंडल्याची चोच फट नसलेल्या बाजूला, गालाच्या आतल्या अंगाला टेकवायची. थोडं सोडायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. नाकातून आलं तर घाबरू नका, दोन मिनिटं थांबायचं, पुसायचं, पुन्हा सुरू. ही लेकरं हवा फार गिळतात म्हणून मधेमधे खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा. एक पाजणी अर्ध्या तासात संपली पाहिजे, त्यापेक्षा जास्त लांबली तर बाळ थकतं आणि जे प्यायलं ते मेहनतीतच खर्च होतं. दर दोन-अडीच तासांनी, रात्रीसुद्धा. काढलेलं दूध एरवी चार तास बाहेर चालतं पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तेवढा भरवसा ठेवू नका, ताजं काढा ताजं पाजा. आणि मध, साखरपाणी, घुटी, गाईचं दूध यातलं काहीही नाही.

वजन दर आठवड्याला करा, उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं, ते दोन आठवड्यांत भरून यायला हवं आणि त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. वाढत नसेल तर वाट बघू नका, दाखवा. आणि बहिणीला जेवू घाला. आई उपाशी, त्यात दिवसभर रडणं, मग दूध कमी येतं, मग पोरीचं वजन वाढत नाही, मग परत हिलाच बोलतात.

आता ग्रहणाचं. ओपीडीत सासवा मला सांगतात, "सांगतलं होतं तिले, गऱ्हनात घरात चूप बसून राह्य म्हून, आयकलंच नाई." मी त्यांच्यावर चिडत नाही, त्यांनाही नात धडधाकट हवी होती. मी फक्त एक हिशोब मांडते. वरचा ओठ पोटात जोडला जातो तो गर्भ राहिल्यापासून सहाव्या-सातव्या आठवड्यात, दोन्ही बाजूंचे भाग मधे येऊन एकमेकांना चिकटतात. टाळू त्यानंतर बंद होते, तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत तेही काम संपलेलं असतं. ग्रहण आलं पाचव्या महिन्यात. म्हणजे हिनं विळी हातात घेतली त्याच्या दोन-तीन महिने आधीच ओठ जोडायचा राहून गेला होता. त्या दिवशी भाजी चिरली काय, अंधारात पडून राहिली काय, काही फरक पडणार नव्हता. मजा म्हणजे हीच समजूत तिकडे मेक्सिकोतही आहे, तिथंही गरोदर बाई ग्रहणाला घाबरते ते ओठ फाटेल म्हणून. भारतात वर्षाला पंचवीस ते पस्तीस हजार बाळं ओठ किंवा टाळू फाटलेली जन्मतात, ती ग्रहणाच्या वर्षीही जन्मतात आणि ग्रहण नसलेल्या वर्षीही.

गावाला हे एवढं अघटित का वाटतं तेही समजून घ्या, कारण दोष द्यायची सवय तिथूनच येते. ओठ-टाळू फाटण्याचं प्रमाण साधारण ७०० ते १००० बाळांमागे एक. हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंधरा-वीस जन्म होतात. म्हणजे एखाद्या आशाताईच्या अख्ख्या कामाच्या काळात तिच्या गावात असं एकही बाळ जन्मणार नाही असं होऊ शकतं, आणि म्हाताऱ्या बायकांनी आयुष्यात एखादंच पाहिलेलं असतं. जे क्वचित दिसतं त्याला लोक काहीतरी विशेष कारण शोधतात आणि ते कारण नेहमी सुनेच्या पदरात टाकतात. तेच ३० हजार लोकवस्तीच्या पीएचसीचा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा, हिशोब केला तर चित्र बदलतं. जन्मणाऱ्या १०० बाळांपैकी २ ते ३ बाळांत काही ना काही मोठं व्यंग असतं, जगभर साधारण असंच आहे. पीएचसीत वर्षाला चारशे-साडेचारशे जन्म धरले तर दरवर्षी आठ ते तेरा बाळं झाली. त्यात सगळ्यात जास्त हृदयाची, हजारात ८ ते १०, म्हणजे त्या एका पीएचसीत वर्षाला तीन-चार लेकरं हृदयात दोष घेऊन जन्मतात आणि त्यातली काही तर निमोनिया निमोनिया म्हणून औषधं घेत राहतात. पाय आत वळलेलं बाळ, ज्याला क्लबफूट म्हणतात, हजारात एक-दोन, मुलांत मुलींच्या दुप्पट. डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मतः एक गुणसूत्र जास्त असल्यानं मूल वाढीत आणि बुद्धीत मागं राहणं, सातशे-आठशेत एक. मेंदू-मणक्याचे दोष, म्हणजे पाठीवर पाण्याचा फुगा असणं किंवा कवटीच न बनणं, हे आपल्या देशात हजारात चारच्या आसपास, जगातल्या बऱ्याच देशांपेक्षा आपल्याकडं जास्त. मुलांमध्ये लघवीचं भोक टोकाला नसून खालच्या बाजूला असणं हे तर अडीचशे-तीनशे मुलांत एक, फक्त लाजेपोटी कोणी बोलत नाही.

मग कशानं होतं? निम्म्याहून जास्त बाळांत एक असं कारण सापडतच नाही, चांगल्या मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या टेस्ट केल्या तरीही. ओठ-टाळू फाटणं त्यातलंच. आईबापांकडून आलेल्या बऱ्याच बारीक गोष्टी, त्यात पहिल्या दीड-दोन महिन्यांतलं पोषण, ताप, औषधं, धूर, असं सगळं मिळून एखाद्या बाळाचा तोल जातो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत कोणी एकाच गोष्टीवर बोट ठेवून सांगत असेल, मग तो डॉक्टर का असेना, तर विश्वास ठेवू नका. जी कारणं पक्की माहीत आहेत ती मात्र सांगते, कारण त्यातली काही टाळता येतात.

सगळ्यात आधी फोलिक ॲसिड. यावर मी कितीही वेळ बोलू शकते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. आता गावातलं वेळापत्रक बघा, पाळी चुकते, आठ-दहा दिवस बाई वाट बघते, मग सासूला सांगते, मग आशाताई किट आणते, मग पीएचसीत नाव नोंदणी, तीही अडीच-तीन महिन्यांपर्यंत सहज लांबते, तेव्हा गोळ्या हातात पडतात. तोवर नळी बंद झालेली असते नाहीतर उघडी राहून गेलेली असते. म्हणजे गोळी चांगली, सरकारी आहे, फुकट आहे, पण मणक्यापुरतं म्हणाल तर उशिरा पोचते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं अनेक देशांतल्या बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांना आधी मेंदू-मणक्याच्या दोषाचं बाळ झालेलं होतं त्यांनी गर्भ राहायच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर पुन्हा तसं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. एवढा फायदा देणारी इतकी स्वस्त गोळी मला दुसरी माहीत नाही. म्हणून मूल हवं असं ठरलं की त्याच महिन्यापासून, किमान एक महिना आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. नवीन लग्न झालेल्या घरात जिथं काही ठरवून होत नाही तिथं लग्नानंतर लगेच सुरू केली तरी चालेल, काही अपाय नाही. आधीचं बाळ मणक्याच्या दोषाचं असेल किंवा बाई फिटच्या गोळ्या घेत असेल तर डोस मोठा लागतो, ५ मिलिग्रॅम, तो डॉक्टरला विचारून. मेथी, पालक, चवळी, हरभऱ्याची भाजी खाच, पण फक्त भाजीवर भागत नाही.

साखर. लग्नाआधीपासून किंवा गर्भ राहतानाच शुगर वाढलेली असेल आणि कंट्रोल नसेल तर हृदयाचे आणि मणक्याचे दोष तीन-चार पटीनं वाढतात. आता पंचविशीतल्या पोरींनाही शुगर निघते, त्यामुळं हे शहराचं दुखणं राहिलेलं नाही.

औषधांचं सांगायचं तर साधी पॅरासिटामॉल घेतली म्हणून कोणी बाईनं वर्षभर स्वतःला खात बसू नये. खरी धोक्याची थोडीच आहेत. फिटसाठीची व्हॅल्प्रोएट, चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन, सांधेदुखीत देतात ती मेथोट्रेक्सेट. पण फिटची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, फिट येऊन पडणं आई आणि बाळ दोघांनाही जीवघेणं आहे, गर्भ राहायच्या आधी डॉक्टरकडून बदलून घ्यायची. थॅलिडोमाइडचं नाव कदाचित ऐकलं असेल, १९५० च्या दशकाच्या शेवटी युरोपात उलट्यांसाठी बायकांना दिलेलं औषध, दहा हजारांवर बाळं हातपाय न वाढलेली जन्मली, तेव्हापासून गरोदरपणात औषध द्यायचे नियम जगभर कडक झाले.

आणि एक औषध आहे जे कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं, मुलगा होण्याचं औषध. बाई दीड-दोन महिन्यांची गरोदर असताना कुठल्यातरी गावातून आणलेली पुडी गाईच्या दुधात घालून देतात, नेमकी त्याच काळात जेव्हा बाळाचं सगळं घडत असतं. हरियाणात यावर अभ्यास झाला आहे, अशी औषधं घेतलेल्या बायकांच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण जास्त सापडलं. आपल्याकडं विचारलं की आधी सगळे नाही म्हणतात. नवरा बाहेर गेला की बाई हळूच सांगते. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्या क्षणीच ठरतं, आणि ते बापाकडून आलेल्या बीजावर ठरतं, त्यानंतर कुठल्याही पुडीनं ते बदलत नाही.

रुबेला, म्हणजे तीन दिवसांची गोवरासारखी पुरळ. बाईला साधा ताप येऊन जातो, पण पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष, बऱ्याचदा तिन्ही एकत्र. आपल्या राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली, ९ महिने ते १५ वर्षांखालच्या सगळ्या पोरांना शाळेत, अंगणवाडीत टोचलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर अफवा पसरल्या आणि काही गावांत लोकांनी पोरं घरी ठेवली. त्या मोहिमेतल्या आठवी-नववीच्या मुली आता लग्नाच्या झाल्या आहेत. ज्यांनी तेव्हा नाही घेतली त्यांनी लग्नाआधी घ्यावी, लसीनंतर एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही एवढंच.

नात्यातलं लग्न. मामाची पोरगी करायची चाल आपल्याकडं अजून आहे. आतेमामे भावंडांचं लग्न झालं तर व्यंगाचा धोका २-३ टक्क्यांवरून ४ ते ६ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे अशा शंभरातली चौऱ्याण्णव-शहाण्णव बाळं धडधाकटच असतात, म्हणूनच लोक म्हणतात "आमच्याकडं तर सगळ्यांचीच झाली, काही झालं नाही". त्यांचंही खोटं नाही. पण घराण्यात आधीच बहिरेपणा, मतिमंदत्व किंवा लहानपणी दगावलेली लेकरं असतील तर त्याच घराण्यात पुन्हा सोयरीक करू नका.

सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार, हा आपल्या विदर्भाचा वेगळा विषय. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, आणि नागपूर-भंडाऱ्यापर्यंत सगळीकडं आहे आणि फक्त आदिवासींत आहे हा गैरसमज. जन्मल्यावर बाळ अगदी छान दिसतं, कारण पहिल्या सहा महिन्यांत आईच्या पोटात असतानाचं जुनं रक्त त्याला सांभाळतं. मग हातापायाचे पंजे सुजतात, लेकरू किंचाळून रडतं, वारंवार ताप, पांढरं पडतं. आईबाप दोघंही वाहक, म्हणजे दोष अंगात असून स्वतः आजारी नसलेले, असतील तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता, आणि हे प्रत्येक गरोदरपणात नव्यानं. तीन चांगली झाली म्हणून चौथ्याला धोका वाढत नाही आणि एक आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगलीच होतील असंही नाही. वाहकाला स्वतःला त्रास नसतो, त्यामुळं तपासल्याशिवाय कळत नाही. बोटाच्या थेंबभर रक्तावर पहिली तपासणी होते, सरकारी दवाखान्यात फुकट. जुलै २०२३ मध्ये देशभराची सिकलसेल मोहीमही सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं तेव्हा ठरलं. सोयरीक ठरवताना दोन्हीकडचं सिकलसेल कार्ड आधी बघा, मग पत्रिका बघायची तर बघा.

आईच्या वयाबद्दल लोक अर्धवट ऐकतात. डाऊन सिंड्रोमचा धोका वयानुसार वाढतो हे खरं, पस्तिशीला साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. पण खेड्यात बाळंतपणं होतात विशी-पंचविशीतच, त्यामुळं डाऊनची बहुतेक लेकरंही तरुण आयांनाच होतात. "मी तर बावीसची, मला कसं झालं" याचं उत्तर एवढंच.

फवारणीचं मला नेहमी विचारतात आणि विचारायलाच हवं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले हे आपण सगळ्यांनी पाहिलं. कीटकनाशक आणि जन्मजात व्यंग यांचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, पण अमुक बाळाला अमुक औषधानं झालं असं म्हणता येत नाही. तरी मी स्पष्ट सांगते, गरोदर बाईनं आणि जिला गर्भ राहू शकतो अशा बाईनं औषध कालवायचं नाही, पंप भरायचा नाही, फवारलेल्या कपाशीत त्याच दिवशी निंदायला जायचं नाही. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, नवऱ्याचे फवारणीचे कपडे हीच धुते, घमेल्यात, उघड्या हातानं. ते कपडे वेगळे ठेवायचे आणि ज्यानं फवारलं त्यानंच धुवायचे. औषधाचा रिकामा डबा घरात पाण्याला वापरायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

खर्रा (तंबाखू-सुपारी), गुडाखू (दाताला लावायची तंबाखू), मोहाची दारू. दारूनं बाळाच्या मेंदूवर, चेहऱ्यावर, हृदयावर कायमचा परिणाम होतो आणि थोडी चालते अशी कुठलीही मर्यादा नाही. तंबाखूनं बाळ वजनानं कमी भरतं, पोटातच दगावू शकतं, आणि बिडी-सिगारेटच्या धुरानं ओठ-टाळू फाटण्याचा धोकाही वाढतो. बायका खर्रा खातात हे डॉक्टरही विचारत नाहीत, म्हणून सुटत नाही.

आता बाळ जन्मल्यावर काय बघायचं, कारण खरं हातात असलेलं काम ते आहे. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी बाळ पूर्ण उघडं करून डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं पाहिजे, सिस्टरला सांगा, हक्कानं सांगा. टॉर्च धरून, जीभ दाबून टाळू शेवटपर्यंत बघायची, कारण ओठ धड असून फक्त मागची टाळू फाटलेली असली तर ती वरून दिसत नाही. पाठीवर मणक्याच्या रेषेत गाठ, खड्डा, केसांचा झुबका आहे का. शीची जागा उघडी आहे का, २४ तासांत शी आणि ४८ तासांत लघवी झाली का. जन्मल्यापासून तोंडातून सतत फेस येत असेल आणि पहिल्याच घोटाला ठसका लागून निळं पडत असेल तर अन्ननलिका जुळलेली नसू शकते, तिथं एक थेंबही न पाजता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात. डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसतं का, कारण जन्मजात मोतीबिंदू पहिल्या दीड-दोन महिन्यांत काढला तरच नजर घडते, वर्षाचं झाल्यावर ऑपरेशन उत्तम झालं तरी मेंदू बघायला शिकलेला नसतो. मुलाच्या गोट्या दोन्ही खाली आहेत का, सहा महिन्यांपर्यंत थांबायचं, त्यानंतर नाही.

काही गोष्टी पहिल्या दिवशी दिसतच नाहीत. दूध पिताना कपाळावर घाम येणं, दोन घोट घेऊन धाप लागून सोडून देणं, वजन न वाढणं, रडताना ओठ निळे होणं, ही हृदयाची लक्षणं. हृदयाला भोक म्हटलं की घर हादरतं, पण लहान भोकं बरीचशी आपोआप बंद होतात, कोणतं बंद होईल आणि कोणतं नाही हे इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, कळतं. ऐकू येत नाही हे आपल्याकडं दोन-अडीच वर्षांचं होऊन बोललं नाही तेव्हा लक्षात येतं, तेही "याचा बाप पण उशिराच बोल्ला" म्हणून आणखी वर्ष जातं. खरं तर पहिल्या महिन्यात मशीननं तपासता येतं आणि सहा महिन्यांच्या आत यंत्र लागलं तर भाषा जवळपास वेळेवर येते. थायरॉइड जन्मतः कमी असणं हेही असंच, बाळ शांत शांत, फार झोपतं, कावीळ लांबते, लोक म्हणतात गुणी लेकरू आहे. टाचेच्या रक्ताची एक तपासणी, रोजची एक छोटी गोळी, आणि मूल शाळेत पहिलं येऊ शकतं. गोळी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू व्हायला हवी.

वेळेचा फरक काय पडतो ते क्लबफूटमध्ये मी सगळ्यात स्पष्ट पाहिला आहे. आश्रमशाळेच्या तपासणीत एक मुलगा आला, सहा-सात वर्षांचा, पायाच्या बाहेरच्या कडेवर चालणारा. चालून चालून तिथली कातडी बैलाच्या खांद्यासारखी जाड झालेली, चप्पल बसत नाही म्हणून अनवाणी, कबड्डीत घेत नाहीत म्हणून पटांगणाच्या कडेला. बापाला विचारलं तर म्हणाला, "अमावसेचा हाय जी, देवानंच तसा धाडला." त्याच महिन्यात दहा दिवसांचं एक बाळ तेच दोन्ही पाय घेऊन आलं होतं. पोन्सेटी पद्धतीनं दर आठवड्याला पाय हातानं थोडा थोडा सरळ करून मांडीपर्यंत प्लास्टर, अशी पाच-सहा प्लास्टरं, मग टाचेच्या शिरेला छोटा छेद, मग दांडीला जोडलेले बूट, तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढं चार-पाच वर्षांचं होईस्तोवर रात्री झोपताना. ते लेकरू वर्षाच्या आतबाहेर स्वतःच्या पायावर सपाट उभं राहिलं. मोठ्या मुलालाही उपचार झाला, पण त्याला ऑपरेशनं लागली आणि शाळा बुडाली. बुटांबद्दल एक सांगते, पाय सरळ दिसायला लागला की आजी म्हणते आता कायले लेकराले त्रास देता, आणि बूट खुंटीला जातात. पाय परत वळतो तो इथंच.

हे सगळं शोधायला सरकारी सोय आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, अंगणवाडीत आणि शाळेत गाडी घेऊन डॉक्टरांचं पथक येतं, ओठ-टाळू, क्लबफूट, हृदय, मोतीबिंदू, बहिरेपण, मणका, डाऊन हे सगळं त्यांच्या यादीत आहे, आणि पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांचं वेगळं केंद्र असतं. आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. ही घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं उभी केली आणि मग देशानं घेतली. ती आली की बाळ दुपट्यात गुंडाळून लपवू नका. व्यंग असलेलं बाळ आशाताईपासून लपवलेलं मी फार पाहिलंय, सव्वा महिना झाल्यावर दाखवू म्हणतात.

तुमच्या भाचीचं पुढचं असं. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन महिन्यांची झाली, वजन साडेचार-पाच किलो झालं आणि हिमोग्लोबिन १० च्या वर असलं की करतात. टाळूचं नऊ महिने ते वर्षाच्या आसपास, दीड वर्षाच्या पुढं ढकलायचं नाही, कारण बोलणं सुरू व्हायच्या आधी टाळू बंद झाली तर आवाज नाकात जात नाही. त्याआधी हृदयाचा इको एकदा करून घ्या, ओठ-टाळूबरोबर कधीकधी दुसरंही काही असतं. कान वारंवार फुटतात, त्यावर लक्ष. टाळूनंतर स्पीच थेरपी लागू शकते आणि आठ-दहा वर्षांची झाली की हिरडीच्या हाडाचं एक काम राहतं. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, या सगळ्या मोठ्या मेडिकल कॉलेजांत तुम्हाला दाखवता येईल, आणि स्माईल ट्रेन ही संस्था ठरावीक हॉस्पिटलांमधून ही ऑपरेशनं पूर्ण मोफत करते, त्यामुळं पैशासाठी कापूस विकायची किंवा सावकाराकडं जायची गरज नाही. पथकाच्या डॉक्टरकडून रेफरची चिठ्ठी घ्या, आधार, रेशन कार्ड, जन्माचा दाखला आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा.

शेवटचा प्रश्न, पुढच्या वेळी. आईबाप दोघांनाही असं काही नसेल आणि बाळाला दुसरा काही दोष नसेल तर पुढच्या बाळात हेच होण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के. म्हणजे शंभरात पंच्याण्णवच्या वर चांगलंच होईल. घरात आणखी कुणाला असेल तर धोका जास्त, मग आधी सल्ला घ्या. दोन लेकरांत तीन वर्षांचं अंतर ठेवा, तोवर हिची दोन्ही ऑपरेशनंही होऊन जातील. गर्भ राहायच्या आधीपासून फोलिक ॲसिड, हिमोग्लोबिन भरून काढायचं, शुगर आणि सिकलसेल दोघांचंही तपासून. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही. मुलगा-मुलगी सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण व्यंग बघणं आणि सांगणं हे त्या सोनोग्राफीचं कामच आहे. जगण्यालायक नाही असं गंभीर व्यंग निघालं तर २०२१ च्या कायद्याप्रमाणं २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाकडं जाता येतं, ओठ-टाळूसाठी मात्र तसला विचारही करायची गरज नाही, ते दुरुस्त होणारं आहे. आणि सोनोग्राफीच्या डॉक्टरला टेबलावर झोपायच्या आधीच सांगायचं की पहिल्या मुलीचा ओठ आणि टाळू फाटलेली होती, या भाचीची फाईल समोर ठेवायची, म्हणजे तो चेहरा वेळ देऊन बघेल. ओठ त्यात बहुतेक दिसतो, नुसती टाळू बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी जन्मल्याबरोबर टॉर्चनं टाळू बघायला सांगायचंच.